लव्ह कॅनॉलचं नाव यादीतून गेलं, विष मात्र तिथेच आहे

३० सप्टेंबर २००४ ला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, जिला सगळे ईपीए म्हणतात, नायगरा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनॉल या जागेचं नाव धोकादायक कचऱ्याच्या राष्ट्रीय यादीतून काढलं. तेव्हाच्या बातम्यांचा सूर असा होता की झालं, लव्ह कॅनॉल साफ झालं, आणि आजही हा विषय निघाला की बरेच जण तेच धरून चालतात. पण तिथे पुरलेला साधारण २१ हजार टन केमिकल कचरा आजही तिथेच आहे, त्यातला मुख्य साठा कोणी उकरून नेलेलाच नाही. मग नाव काढलं कशाच्या जोरावर, आणि काढलं म्हणजे नक्की काय केलं? हे कळायचं तर बरंच मागे जावं लागतं, कारण ती यादीच मुळात या जागेमुळे जन्माला आलीय.

आपल्याकडून अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेले आईवडील नायगरा बघितल्याशिवाय सहसा परत येत नाहीत. त्या धबधब्यापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर, नदीच्या वरच्या अंगाला, लासाल नावाचा भाग आहे. १८९० च्या दशकात विल्यम टी. लव्ह नावाच्या उद्योजकाने इथे एक कालवा खणायला घेतला, नदीचं पाणी वळवून वीज बनवायची आणि त्या विजेवर एक आदर्श शहर वसवायचं असा त्याचा प्लॅन होता. १८९३ ची मंदी आली, पैसे आटले, त्यात एसी करंटमुळे वीज लांबवर नेता यायला लागली त्यामुळे कारखाना धबधब्याच्या शेजारीच हवा ही गरजच उरली नाही. कालवा अर्धवट राहिला, जेमतेम तीन हजार फूट लांबीचा एक चर. पावसाचं पाणी साचायचं, उन्हाळ्यात पोरं पोहायची, थंडीत बर्फावर घसरायची.

धबधब्यामुळे वीज स्वस्त होती आणि वीज स्वस्त म्हणून केमिकलचे कारखाने नायगरा फॉल्सला आले. त्यातलीच एक हूकर इलेक्ट्रोकेमिकल कंपनी. १९४२ पासून १९५३ पर्यंत हूकरने आपला कचरा ड्रममध्ये भरून या चरात टाकला. क्लोरीन असलेली सेंद्रिय रसायनं, लिंडेन हे कीटकनाशक बनवताना उरलेला गाळ, ट्रायक्लोरोफिनॉलचा कचरा आणि त्याच्यासोबत येणारं डायॉक्सिन, म्हणजे अगदी थोडं असलं तरी घातक असं विष. तळाला चिकणमाती, वरून परत चिकणमाती, त्या काळात ही पद्धत बेकायदेशीर नव्हती आणि खरं सांगायचं तर त्या काळाच्या मानाने ती फार वाईटही नव्हती. माझ्या मते कचरा पुरला गेला तिथपर्यंतची गोष्ट अजून सावरता आली असती, खरा घोळ त्यानंतर झाला.

एप्रिल १९५३ मध्ये हूकरने ही जमीन शहराच्या स्कूल बोर्डाला एक डॉलरला दिली. त्या खरेदीखतात स्पष्ट लिहिलेलं आहे की ही जागा रसायनं बनवताना निघालेल्या कचऱ्याने भरलेली आहे, याची घेणाऱ्याला कल्पना दिलेली आहे, आणि पुढे त्यामुळे कोणाला इजा झाली, कोणी दगावलं किंवा मालमत्तेचं नुकसान झालं तर कंपनीवर दावा लावता येणार नाही. म्हणजे कंपनीला माहीत होतं, बोर्डालाही माहीत होतं, दोघांनी सह्या केल्या आणि १९५५ ला तिथे शाळा सुरू झाली. ९९ व्या रस्त्यावरची प्राथमिक शाळा, सुमारे चारशे मुलं. १९५७ मध्ये बोर्डाने उरलेल्या जमिनीतला काही भाग बिल्डरांना द्यायचा घाट घातला तेव्हा कंपनीचा वकील मीटिंगला येऊन नको म्हणून सांगून गेला, तरीही भोवताली घरं उठतच राहिली. गटाराच्या लाइनी टाकताना आणि रस्ते करताना चराच्या चिकणमातीच्या भिंती फोडल्या गेल्या, पुढे नदीच्या बाजूला एक्सप्रेसवे झाला त्याने जमिनीखालचं पाणी नदीकडे जायचंही अडलं. बाजूची घरं घेणाऱ्यांच्या कागदात खालच्या कचऱ्याचा उल्लेख नव्हता. शाळेला दिलेल्या त्या एका खतातली ओळ त्या खतातच राहिली.

१९७० च्या दशकात पाऊस आणि बर्फ जोराचा झाला, जमिनीतलं पाणी वर आलं आणि ड्रममधलं सगळं त्याच्यासोबत वर आलं. तळघरांच्या भिंतींतून काळा चिकट द्रव पाझरायला लागला, अंगणातली झाडं जळाली, गंजलेले ड्रम जमिनीवर डोकं काढायला लागले. १९७६ पासून नायगरा गॅझेट या स्थानिक पेपरच्या बातमीदारांनी तळघरातल्या पंपांचं पाणी तपासून घेतलं, बातम्या लावून धरल्या. २ ऑगस्ट १९७८ ला राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी आणीबाणी जाहीर केली, शाळा बंद करा आणि गरोदर बायका व दोन वर्षांखालच्या मुलांनी इथून हलावं असं सांगितलं. आता ज्या घरात चार वर्षांचं पोर आहे त्या आईने यातून काय समजायचं? लोक भडकले, आणि पाच दिवसांनी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी केंद्राची आणीबाणी लावली. पूर, वादळ, भूकंप असं काही नसताना अशी आणीबाणी लागण्याची ही पहिली वेळ. चराला लागून असलेल्या पहिल्या दोन रांगांतली २३९ कुटुंबं हलवली.

बाकीच्यांना मात्र चराभोवतीच्या कुंपणापलीकडे धोका नाही म्हणून तिथेच राहायला सांगितलं. लोइस गिब्ज यांचा मुलगा त्याच शाळेत होता, त्यांनी दारोदार फिरून घरमालकांची संघटना बांधली. बेव्हर्ली पेगन या शास्त्रज्ञ बाईंच्या मदतीने त्यांनी आजारांचा नकाशा काढला तेव्हा दिसलं की बुजवलेल्या जुन्या ओढ्यांच्या वाटेवर जी घरं आहेत तिथे गर्भपात, जन्मजात व्यंग असे प्रकार जास्त आहेत. अधिकाऱ्यांनी ते आकडे उडवून लावले. शेजारच्या ग्रिफन मॅनर या सरकारी वसाहतीत भाड्याने राहणारी कुटुंबं होती, त्यात काळी कुटुंबं बरीच, त्यांच्याकडे तर फारच उशिरा लक्ष गेलं आणि आजही ही गोष्ट सांगताना लोक त्यांना विसरतात, ते मला खटकतं. मे १९८० मध्ये काही रहिवाशांच्या गुणसूत्रांत बिघाड दिसल्याचा एक रिपोर्ट बाहेर आला, घाबरलेल्या रहिवाशांनी ईपीएच्या दोन अधिकाऱ्यांना संघटनेच्या ऑफिसात काही तास कोंडून ठेवलं, आणि दोनच दिवसांनी कार्टर यांची दुसरी आणीबाणी आली. मग बाकीच्या शेकडो कुटुंबांचीही सोय झाली.

त्याच वर्षी ११ डिसेंबरला कार्टर यांनी सही केलेला कायदा म्हणजे सुपरफंड. तेल आणि केमिकल कंपन्यांवर टॅक्स लावून पाच वर्षांसाठी १६० कोटी डॉलरचा फंड उभा करायचा, ज्याने घाण केली तो सापडला तर खर्च त्याच्याकडून वसूल करायचा आणि नाही सापडला तर फंडातून साफ करायचं. पण जागा हजारोंनी, मग आधी कुठली घ्यायची यासाठी यादी. प्रत्येक जागेला भूजल, पृष्ठजल, हवा अशा वाटांनी लोकांना किती धोका आहे बघून मार्क द्यायचे, २८.५० किंवा वर गेली तर ती यादीत बसायला पात्र. सप्टेंबर १९८३ मध्ये पहिली यादी निघाली, ४०६ जागांची, त्यात लव्ह कॅनॉल होतंच. १९८६ ला कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. दोनच वर्षांपूर्वी आपल्याकडे भोपाळ घडलेलं होतं, आणि तुमच्या शेजारच्या कारखान्यात कुठलं केमिकल किती आहे हे जाणून घ्यायचा हक्क अमेरिकन लोकांना या दुरुस्तीतून मिळाला तो भोपाळमुळेच. याच दुरुस्तीत आणखी एक कलम आलं, साफ केल्यावरही जिथे कचरा राहणार असेल तिथे दर पाच वर्षांनी परत तपासणी करायची. लव्ह कॅनॉलच्या बाबतीत माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं कलम हेच.

आता साफसफाई म्हणजे काय केलं ते बघा. उकरून काढणं जास्त धोक्याचं म्हणून कचरा जागेवरच कोंडायचं ठरलं. मूळ लँडफिल, म्हणजे कचरा पुरलेली जागा, १६ एकरचं, त्याच्या चारी बाजूंनी खोल चर खणून त्यात भोकं असलेले पाइप आणि खडी घातली, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं पाणी बाहेर वस्तीकडे न जाता या पाइपात उतरेल. ते पंपाने ओढून तिथेच बांधलेल्या प्लँटमध्ये नेतात, त्यातला जड तेलकट भाग वेगळा काढतात, उरलेलं पाणी ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून गाळून शहराच्या गटारात सोडतात. वर आधी चिकणमातीचा थर दिला, नंतर तो वाढवून प्लॅस्टिकच्या जाड अस्तरासकट ४० एकरांवर पसरवला. शाळा आणि जवळच्या रांगांमधली घरं पाडली, ७० एकरांना कुंपण घातलं. गटारांमध्ये आणि ब्लॅक क्रीक, बर्गहोल्ट्झ क्रीक या ओढ्यांमध्ये डायॉक्सिनचा गाळ पोचलेला होता, तो काढला, आधी जाळायचा ठरला होता पण वर्षानुवर्षं वाद होऊन शेवटी बाहेर नेऊन त्याची विल्हेवाट लावली. सप्टेंबर १९९९ मध्ये बांधकामाचं काम पूर्ण झाल्याचं ईपीएने जाहीर केलं.

मधल्या काळात १९८८ ला राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी आजूबाजूच्या भागाचे सात तुकडे करून चार राहण्यालायक ठरवले, तीन नाही. रिकामी घरं दुरुस्त करून १९९० पासून विकायला काढली, त्या भागाला नवीन नाव दिलं ब्लॅक क्रीक व्हिलेज, आणि अडीचशेहून जास्त घरं विकली गेली. हूकर तोवर ऑक्सिडेंटल पेट्रोलियमने घेतलेली होती. १९९४ मध्ये फेडरल कोर्टाने कंपनीचा निष्काळजीपणा मान्य केला पण दंडात्मक भरपाई लावली नाही, त्याच वर्षी कंपनीने राज्याला ९ कोटी ८० लाख डॉलर आणि पुढच्या वर्षी केंद्राला १२ कोटी ९० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. प्लँट चालवायची जबाबदारीही कंपनीवर आली. सगळं मिळून खर्च ४० कोटी डॉलरच्या आसपास गेला.

मार्च २००४ मध्ये ईपीएने नाव काढायचा इरादा राजपत्रात जाहीर केला. पद्धत अशी आहे की आधी राज्य सरकारची संमती लागते, मग ३० दिवस लोकांची मतं मागवतात, त्यांना लेखी उत्तरं देतात आणि मग अंतिम नोटीस निघते. आणि निकष काय, तर लोकांच्या आरोग्यासाठी जे करायला हवं होतं ते सगळं करून झालंय का. जमीन शुद्ध आहे का असा प्रश्न त्यात कुठेच नाही! इथेच लोकांची गल्लत होते. आयसीयूमधून वॉर्डात हलवलेला पेशंट बरा होऊन घरी गेला असं कोणी म्हणत नाही, इथे मात्र सगळ्यांनी तसंच धरलं.

लोइस गिब्ज यांचा आक्षेप हाच होता आणि आजही आहे, की कचरा आत असताना ही जागा सुरक्षित झाली असं कसं म्हणता. ईपीएचं म्हणणं की कोंडलेला आहे, लक्ष आहे, आणि उद्या काही बिघडलं तर यादीत नसतानाही फंडातून परत काम करता येतं. नियम खरंच तसा आहे, मार्कांची प्रक्रिया पुन्हा करावी लागत नाही. पण वेळही बघायला हवी. सुपरफंडचा टॅक्स १९९५ ला संपला होता, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तो वाढवला नाही, २००३ पर्यंत साठलेला फंड आटला आणि कार्यक्रम सरकारच्या साध्या बजेटवर आला. अशा वेळी सगळ्यात गाजलेलं नाव यादीतून जाणं ही ईपीएसाठी मोठी गोष्ट होती. काम खोटं होतं असं मी म्हणत नाही, भूजल तपासायला खणलेल्या विहिरींचे आकडे वर्षानुवर्षं घेतलेले आहेत. पण ज्या शहरात एकदा मातीचा थर देऊन सगळे मोकळे झाले होते तिथे "काम झालं" हे शब्द फार जपून वापरायला हवे होते असं मला मनापासून वाटतं.

२०११ च्या जानेवारीत तिथल्या कोल्व्हिन बुलेव्हार्डवर गटाराचं काम करताना कामगारांना केमिकल लागलं. त्यानंतर नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांनी आजारपणाच्या तक्रारी करत कोर्टात दावे लावले. आपल्याला घर विकताना हा इतिहास नीट सांगितलाच नाही असं त्यांच्यातल्या काहींचं म्हणणं आहे. सरकारी यंत्रणांचं उत्तर असं की कोंडलेला कचरा जागेवर आहे आणि यंत्रणा नीट चालतेय.

आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये पर्यावरण संरक्षण कायद्याखाली दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम आले. संशयित जागा स्थानिक प्रशासनाने कळवायच्या, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासायच्या, खर्च घाण करणाऱ्याकडून घ्यायचा. म्हणजे जागांच्या याद्या आपल्याकडेही होणार, आणि यादी झाली की कधीतरी त्यातून नावं काढायची वेळही येणार. तेव्हा नाव काढल्यानंतर पंप कोण चालवणार, विहिरीचं पाणी कोण तपासणार आणि घर घेणाऱ्याच्या खरेदीखतात खाली काय आहे ते लिहिलेलं असणार का, हे तीन प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक एमआयडीसीच्या शेजारी राहणाऱ्यांनी आत्तापासून विचारायला हवेत. लव्ह कॅनॉलमध्ये पहिल्या दोनांची उत्तरं कागदावर आहेत, ऑक्सिडेंटलची ग्लेन स्प्रिंग्ज होल्डिंग्ज ही कंपनी प्लँट चालवते, शंभराहून जास्त विहिरींचं पाणी तपासते आणि दर पाच वर्षांनी ईपीए आढावा घेते. तिसऱ्यावरून कोर्टात जावं लागलं.