तांदळाच्या पोत्यांवर उभा महाकाल

कुतानी या जपानी चिनीमातीच्या जुन्या बशीवर एक गोलमटोल, हसरा बुवा तांदळाच्या दोन पोत्यांवर उभा दिसतो. हातात लाकडी हातोडा, खांद्यावर झोळी. हा जपानचा भरभराटीचा देव दाइकोकू. नावाचा अर्थ 'मोठा काळा', आणि मूळ आपला महाकाल!

स्मशानातला देव पोत्यांवर कसा चढला? सातव्या शतकात भारतात राहून गेलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहितो, की इथल्या विहारांत स्वयंपाकघराच्या खांबापाशी महाकालाची मूर्ती असे. हातात सोन्याची थैली आणि तेल पुसून पुसून काळं पडलेलं तोंड. जपानमध्येही त्याने मठाची चूलच सांभाळली. पुढे ओकुनिनुशी या स्थानिक देवाच्या नावातली अक्षरं 'दाइकोकू' अशीही वाचता येतात, म्हणून दोघे एक झाले. उग्रपणा गेला, भरभराट उरली.

चिनीमातीवर तो बहुधा सात भाग्यदेवतांच्या मेळ्यात येतो. त्यातली बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती, बिशामोन म्हणजे कुबेर. तिघे चीनकडचे. अस्सल जपानी एकटा एबिसू, गळ आणि ताई मासा घेतलेला.

आजच्या इशिकावा प्रांतातल्या कुतानी गावात १६५५ च्या सुमारास भट्टी पेटली आणि पन्नासेक वर्षांत विझलीही. एकोणिसाव्या शतकात त्या भागात हे काम पुन्हा उभं राहिलं. कुतानी शोझा (१८१६–१८८३) याच्या रंगीत-सोनेरी शैलीने मेइजी काळात (१८६८–१९१२) परदेशी गिऱ्हाईक जिंकलं, आणि घरातले देव जहाजात बसले.

संग्राहक मात्र देवाआधी बशीची पाठ बघतो. अमेरिकेच्या १८९० च्या कायद्यामुळे आयात मालावर देशाचं नाव लिहिणं भाग पडलं. आधी 'निप्पॉन' (जपानचं जपानी नाव), १९२१ पासून 'जपान', दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंत काही मालावर 'ऑक्युपाइड जपान' (व्याप्त जपान). शिक्क्यावरून वयाचा अंदाज येतो. पण यावर डोळे मिटून विसंबू नये. 'निप्पॉन'चे खोटे शिक्के भरपूर आहेत. त्यापेक्षा बोट फिरवावं. झिलईवर चढवलेला जाड रंग बोटाला उंचवटा म्हणून लागतो. छापील चित्र सपाट लागतं आणि भिंगाखाली त्याचे ठिपके दिसतात. संच हाताने रंगवलेला असेल, तर सातांपैकीच एक असलेल्या ढेरपोट्या होतेईचं पोट प्रत्येक कपावर थोडं वेगळं सुटलेलं असतं.