थ्री नॉट थ्रीत दारू वाढवली की नेम सुधारतो? छे!

डिचोलीत चवथीच्या गप्पांत एखादा काका हमखास सांगणार, जुन्या थ्री नॉट थ्री (ली-एनफिल्ड) रायफलीला नेम हवा तर काडतुसात बंदुकीची दारू वाढवायची. उलटं आहे हो! बाहेरदेशी हाताने काडतुसं भरणारे बरेचदा दारू कमीच ठेवतात, कारण नेम येतो तो एकसारखेपणातून. दुसरं म्हणजे गोळीचा व्यास, गोळी कागदावर ०.३११ इंचाच्या आसपास पण युद्धाच्या घाईत बनलेल्या कित्येक नळ्या त्याहून सैल, मग बारीक गोळीला नळीच्या आतले, गोळीला फिरकी देणारे आटे धड पकडतच नाहीत. आणि ली-एनफिल्डचा बोल्ट, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारा दांडा, मागच्या बाजूला लॉक होतो, जादा प्रेशर आलं की ताणतो, त्यात चेंबर (काडतूस बसतं ती जागा) ऐसपैस, मग काडतुसाचं पितळी कवच बुडाजवळ फाटायची भीती. आपल्याकडे तर लायसन्सशिवाय काडतूस बनवणं हाच गुन्हा, आर्म्स अ‍ॅक्ट १९५९.