जॉन केज यांच्या 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स'मागची पार्श्वभूमी

अमेरिकन संगीतकार जॉन केज यांची ही रचना म्हणजे 16 सोनाटा (छोट्या वाद्यरचना), 4 इंटरल्यूड्स (मधले तुकडे) आणि एकच पियानो. पण वादनाआधी या पियानोच्या 45 सुरांच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबराचे आणि प्लास्टिकचे तुकडे मोजूनमापून अडकवावे लागतात. कुठे काय बसवायचं याचा तक्ता केज यांनी रचनेसोबतच दिला आहे. एवढ्या खटाटोपानंतर पट्टी दाबली की कधी घंटा वाजते, कधी ढोलाचा दबका ठोका ऐकू येतो.

याची सुरुवात जागेच्या अडचणीतून झाली. 1940 मध्ये सिएटलच्या कॉर्निश स्कूलमध्ये सिव्हिला फोर्ट यांच्या नृत्यासाठी केज यांना तालवाद्यांचा ताफा हवा होता, पण रंगमंच पडला लहान. जागा होती फक्त पियानोपुरती. अमेरिकन संगीतकार हेन्री कॉवेल यांनी 1920च्या दशकातच पियानोच्या तारा हातांनी छेडून दाखवल्या होत्या. केज त्यापुढे गेले: त्यांनी तारांतच वस्तू खोचल्या आणि एका वादकाच्या हाती तालवाद्यांचा अख्खा ताफा आला.

युक्ती सापडली, तरी संगीत लिहायचं कशासाठी, हा प्रश्न होताच. 1944 मधली 'द पेरिलस नाइट' ही अशाच पियानोसाठीची रचना त्यांनी एकटेपणाच्या वेदनेतून लिहिली. एका समीक्षकाला मात्र तिच्यात चर्चच्या मनोऱ्यातला सुतारपक्षी ऐकू आला! भावना पोचवणं हेच संगीताचं काम असेल, तर ते काम फसलं होतं. केज रचना करणं सोडण्याच्या विचारापर्यंत आले.

अशा वेळी, 1946 मध्ये, अहमदाबादच्या गीता साराभाई पाश्चात्त्य संगीत शिकायला न्यूयॉर्कला आल्या. केज यांनी शुल्क घेतलं नाही. बदल्यात गीताबेनांनी त्यांना भारतीय संगीत शिकवावं एवढंच ठरलं. संगीत कशासाठी, असं केज यांनी विचारलं, तेव्हा गीताबेनांनी आपल्या गुरूंचं म्हणणं सांगितलं: मन शांत, निर्मळ करायचं, म्हणजे ते दैवी प्रभावाला खुलं होतं. मला वाटतं, या रचनेची खरी सुरुवात इथे आहे.

त्याच सुमारास भारतीय कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामींच्या लेखनातून केज यांना रससिद्धान्त भेटला. शृंगार, वीर, करुण असे आठ रस आणि त्या सगळ्यांचा ओढा शांतरसाकडे, ही कल्पना (आपल्याकडे अभिनवगुप्तांनी ती जोमाने मांडली) त्यांनी या रचनेचा आधार केली. 1946 ते 1948 अशी दोन वर्षं तिच्यावर गेली. कोणती सोनाटा कोणत्या रसाची, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि ते शोधत बसण्याने ऐकण्यातली गोडी कमीच होते.

राग किंवा तबल्याचा ठेका इथे कुठेही उसना घेतलेला नाही. बहुतेक सोनाटा दोन भागांच्या, प्रत्येक भाग दोनदा, अशा जुन्या युरोपीय घाटाच्या आहेत. रचना अर्पण केली आहे ती पियानोवादक मारो अजेमियन यांना. जानेवारी 1949 मध्ये कार्नेगी रिसायटल हॉलमध्ये त्यांनी ती सबंध वाजवली आणि केज यांचं नाव दूरवर पोचलं.

पुढे केज यांनीच सांगितलं, की यातले घंटेसारखे नाद युरोप सुचवतात आणि ढोलासारखे पूर्वेकडचे देश. शेवटची सोनाटा त्यांच्या मते स्पष्टपणे युरोपीय आहे: पश्चिमेतल्या संगीतकाराची ती सही.