कंटेनर गेला, डेटा कुठे आहे?

ॲप ज्या डब्यात चालतं तो कंटेनर. तो बंद पडला की कंटेनर सांभाळणारं कुबरनेटीस त्याच्या जागी नवा उभा करतं, गरज पडली तर दुसऱ्या सर्व्हरवर. जुन्याच्या पोटातला डेटा मात्र त्याच्यासोबतच जातो. बिलिंगचा डेटाबेस असा गेलेला परवडत नाही, म्हणून आम्ही ग्राहकांच्या क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरमध्ये, रूक आणि सेफ ही जोडी बसवतो. सेफ डेटा साठवतं, रूक त्याला कुबरनेटीसमध्ये बसवून चालवतं. दोन्ही ओपन सोर्स, लायसन्सचे पैसे नाहीत. स्टोरेजची वेगळी पेटीही लागत नाही. सर्व्हरमधल्याच डिस्क एकत्र येतात.

ॲपनं पीव्हीसी, म्हणजे जागेची मागणी, २० जीबीची टाकली की कुबरनेटीस आणि स्टोरेज यांना जोडणारा सीएसआय ड्रायव्हर तेवढी व्हॉल्यूम तयार करून पॉडला, म्हणजे ॲपच्या कंटेनरच्या गटाला, जोडतो. तिच्यातला डेटा ४ एमबीच्या तुकड्यांत पडतो आणि प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती तीन वेगळ्या सर्व्हरवर जातात. कुठला तुकडा कुठे, याची वही कुणी ठेवत नाही. क्रश नावाचं गणित दर वेळी ते काढून देतं. डिस्कमागे एक ओएसडी, म्हणजे ती डिस्क सांभाळणारा सेफचा प्रोग्रॅम, चालतो आणि त्याला साधारण ४ जीबी रॅम लागते. ती धरूनच सर्व्हर घ्या.

कोटेशन पाहून हमखास विचारलं जातं : "तीन सर्व्हर, प्रत्येकात ४ टीबीच्या दोन डिस्क. म्हणजे २४ टीबी ना?" नाही. तीन प्रतींमुळे ८ टीबी. त्यातही ८५ टक्के भरलं की सेफ इशारा देतं आणि एखादी डिस्क ९५ टक्क्यांवर गेली की लिहिणंच थांबवतं. तेव्हा ६.८ टीबीच धरा.

त्यातला एक सर्व्हर गेला तर काम दोन प्रतींवर चालू राहतं, पण तिसरी प्रत ठेवायला जागाच उरत नाही. दुसराही गेला तर सगळं थांबतं. म्हणून आम्ही चौथा सर्व्हर सुचवतो. तो रिकामा बसत नाही, तरी त्याच्याएवढी जागा मोकळी सोडायची, गाडीतल्या स्टेपनीसारखी. म्हणजे पैसे चारचे आणि वापर तेवढाच, ६.८ टीबी. हे ऐकून कपाळावर आठ्या येतात, पण इथे काटकसर करू नका असंच आमचं मत आहे.

लॅपटॉपच्या स्वस्त एसएसडी टाळा. वीज गेल्यावर हातातलं लिखाण सांभाळणारे कपॅसिटर त्यांत सहसा नसतात, आणि डेटाबेसखाली त्या रखडतात.

तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. कुणी चुकून टेबल उडवलं तर ते तिन्ही ठिकाणांहून उडतं. बॅकअप क्लस्टरबाहेरच हवा.

सर्व्हर देखभालीसाठी बंद करायचा असेल तर आदल्या दिवशी फोन करा. १० मिनिटांत तो परतला नाही की सेफ त्याला गेलेला समजून प्रती हलवू लागतं आणि भर कामाच्या वेळी नेटवर्क तुंबतं. आम्ही आधी 'नोआउट', म्हणजे सर्व्हरला गेलेला समजू नको अशी सेफला सूचना, लावून ठेवतो, मग तुम्ही सावकाश रॅम बदला.