लेन्स बसवणं आणि लेन्स बदलणं

चष्म्याचा नंबर घालवायचा म्हणून माझी मावशी आणि तिची मुलगी एकाच महिन्यात डोळे दाखवून आल्या. दोघींनाही सांगण्यात आलं, ‘‘लेझर नको, आत लेन्स बसवू.’’ मुलगी 27 वर्षांची, नंबर उणे 11. मावशी 56 ची, नंबर अधिक साडेचार, शिवाय वाचायला वेगळा चष्मा. घरच्या ग्रुपवर बातमी फिरली, की मायलेकी दोघी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेताहेत. मोतीबिंदू दोघींपैकी एकीलाही नव्हता, आणि सांगितलेली ऑपरेशनंही वेगवेगळी होती.

घोळ ‘लेन्स’ या शब्दात आहे. डोळ्यात बसवतात ती लेन्स, बुबुळावर चिकटवतात ती लेन्स, आणि जन्मापासून बाहुलीच्या मागे असतं ते भिंग, तीही लेन्सच. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न एवढाच विचारायचा: माझं स्वतःचं भिंग राहणार की जाणार?

मुलीचं राहणार होतं. तिला सुचवलं होतं ते आयसीएल. समोरचा रंगीत पडदा आणि आपलं भिंग यांच्यामध्ये जी चिंचोळी जागा असते, तिथे कोलॅमर नावाच्या मऊ पदार्थाची पातळ लेन्स घडी करून सरकवतात. कॉन्टॅक्ट लेन्सच, फक्त आत मुक्कामाला. काही काढायचं नाही, कापून पातळ करायचं नाही. लेझरमध्ये बुबुळाचा पुढचा पारदर्शक थर घासला जातो, एका नंबरामागे साधारण 12 ते 15 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तो थर असतो जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. उणे 11 साठी किती जाईल हा हिशेब घरी बसूनही करता येतो.

मावशीचं भिंग जाणार होतं. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला आरएलई म्हणतात, काही जण क्लिअर लेन्स एक्स्चेंज. भिंग अल्ट्रासाऊंडच्या कंपनांनी फोडून दोन-अडीच मिलिमीटरच्या छेदातून ओढून घ्यायचं आणि त्याच्याच रिकाम्या पिशवीत कृत्रिम लेन्स ठेवायची. म्हणजे पायरी न् पायरी मोतीबिंदूचंच ऑपरेशन, फक्त भिंग अजून पांढरं झालेलं नसतं. या बाबतीत घरचा ग्रुप निम्मा बरोबर होता.

मग मुलीलाही भिंगच का बदलून देत नाहीत? पुढे मोतीबिंदूची कटकटच संपेल. हा प्रश्न मीही विचारला होता. त्याचं उत्तर मराठीत कधीचं आहे: चाळिशी. तरुण भिंग लवचिक असतं. लांबून जवळ बघताना ते फुगतं, आणि आपण फळ्यावरून वहीकडे नजर वळवतो तेव्हा काही घडलं हेही कळत नाही. दहाव्या वर्षी ही ताकद बारा-चौदा डायऑप्टर (चष्म्याचा नंबरही याच एककात मोजतात) असते, चाळिशीत चार-पाचवर येते, साठीला जेमतेम एक उरते. मावशीचं भिंग फुगायचं जवळजवळ थांबलंच होतं. ते काढून तिचं फारसं काही जाणार नव्हतं. मुलीचं काढलं असतं तर लांबचा चष्मा सुटला असता आणि 27 व्या वर्षी चाळिशी लागली असती. मल्टिफोकल लेन्सनं लांबचं आणि जवळचं दोन्ही दिसतं हे खरं, पण ती प्रकाश वाटून देते. रात्री हायवेवर समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात, अंधुक उजेडात अक्षरं फिकी वाटतात. बऱ्याच जणांना सवय होते, काहींना होत नाही. जे फुकट आणि उत्तम चाललं आहे ते काढून ही तडजोड कशाला घ्यायची?

दुसरं कारण जास्त गंभीर आहे आणि सल्ल्याच्या टेबलावर ते घाईघाईत उरकलं जातं. उणे 11 चा डोळा म्हणजे लांब डोळा. सामान्य डोळा 23-24 मिलिमीटरचा, असा डोळा 26 च्याही पुढे जातो. त्यात आतला पडदा, म्हणजे रेटिना, ताणलेला, कडेला विरलेला असतो. भिंग काढलं की मागची जेली हलते, आकसते आणि पडदा ओढते. तरुण वयात आणि लांब डोळ्यात त्यामुळे पडदा सुटण्याचा धोका वाढतो. हा धडा जुना आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीतले व्हिन्सेंझ फुकाला यांनी 1890 च्या सुमारास फार मोठ्या उणे नंबरांसाठी भिंगच काढायला सुरुवात केली. आत बसवायला तेव्हा काही नव्हतंच, पण उणे वीसच्या आसपासच्या डोळ्यात भिंग काढलं की नंबरच जवळजवळ जातो. रुग्णांना लगेच लख्ख दिसायचं. मग जंतुसंसर्ग झाले, पडदे सुटू लागले आणि ती पद्धत मागे पडली. कृत्रिम लेन्स आली ती 1949 मध्ये लंडनला, हॅरल्ड रिडली यांच्या हातून. छोट्या छेदातून भिंग फोडून काढायची युक्ती चार्ल्स केलमन यांनी 1967 मध्ये आणली. ऑपरेशन कितीतरी सुरक्षित झालं, पण लांब डोळा लांबच राहिला.

आयसीएलनंही तो आखूड होत नाही, हे इथेच सांगून टाकतो. नंबर शून्य झाला म्हणून पडद्याची तपासणी सोडणारे लोक मी पाहिलेत. ती दर वर्षी करायचीच.

मावशीला आयसीएल का नाही, याचं उत्तर मात्र दोन ओळींचं आहे. अधिक नंबरचा डोळा बहुधा छोटा असतो, पुढची जागा उथळ. तिथे आणखी एक लेन्स कोंबली तर पाण्याचा निचरा अडून दाब वाढायची भीती. उलट भिंग काढलं तर तीच जागा मोकळी होते.

आयसीएलची स्वतःची दुखणी आहेत. ती लेन्स आणि आपलं भिंग यांच्यामध्ये थोडी फट हवी. फट फार कमी झाली तर भिंगाला ती घासून मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, फार जास्त झाली तर दाब वाढू शकतो. त्यामुळे इथे नंबर मोजण्याइतकंच लेन्सचं माप महत्त्वाचं असतं. माप चुकलं तर लेन्स बदलता येते, काढूनही टाकता येते. नव्या प्रकारात मधोमध 0.36 मिलिमीटरचं भोक असतं, त्यातून डोळ्यातलं पाणी वाहत राहतं. बुबुळाच्या आतल्या पेशींची मोजणी अधूनमधून करावी लागते. वयानुसार चाळिशी येणारच, मोतीबिंदूही येऊ शकतो. तेव्हा आयसीएल काढून नेहमीचं ऑपरेशन करतात.

बदललेल्या भिंगाला मोतीबिंदू कधीच होत नाही. तरी दोन-तीन वर्षांनी पुन्हा धूसर दिसायला लागलं की लोक म्हणतात, ‘मोतीबिंदू परत आला’. ती पिशवीची मागची बाजू जाड झालेली असते. यॅग लेझरनं त्यात खिडकी पाडतात, पाच मिनिटांचं काम. पण काढलेलं भिंग काही परत मिळत नाही.

पैशांचा विषय निघाला तेव्हा गंमत झाली. आरोग्य विम्याच्या ठरावीक अपवादांमध्ये एक कलम आहे: 7.5 डायऑप्टरपेक्षा कमी नंबर घालवायचा खर्च मिळत नाही. मुलगी उणे 11, म्हणजे त्या कलमातून सुटली. मावशी साडेचार, म्हणजे अडकली. तिनं पॉलिसी खाली ठेवली आणि विचारलं, ‘‘मोतीबिंदूचा खर्च देतात ना?’’ प्रतीक्षेचा काळ संपला असेल तर देतात. ‘‘आणि ऑपरेशन हेच?’’ हेच. डॉक्टरांनी डोळ्यातले कोन पुरेसे उघडे आहेत, दाब नीट आहे हे तपासलं आणि थांबायला हरकत घेतली नाही.

मुलीचे दोन्ही डोळे त्याच आठवड्यात झाले. मावशी अजून दोन चष्मे घेऊन फिरते, आणि मोतीबिंदूची वाट बघणारी आमच्या घरातली ती पहिलीच बाई आहे.