पार्श्वभूमी : वॉर्डातली ‘टीम’ आणि एकास तीनचा हिशेब

पुण्यात परिचारिकांच्या कामाविषयी बोलणं निघालं की दोन शब्द हमखास कानावर पडतात. ‘टीमवर्क’ हा शब्द बहुतेक वेळा व्यवस्थापनाकडून येतो आणि ‘रेशो’, म्हणजे किती रुग्णांमागे एक परिचारिका हे प्रमाण, हा सिस्टरांकडून. बैठकीत हे दोन वेगळे विषय म्हणून मांडले जातात. प्रत्यक्षात पहिल्या शब्दाची मुळं दुसऱ्यात आहेत.

जुना इतिहास थोडक्यात. पुण्यातल्या ससून या सरकारी रुग्णालयाची इमारत १८६७ ची. १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या एका स्त्री-संस्थेने पुढच्या काही वर्षांत आपल्या विद्यार्थिनी तिथे परिचर्या शिकायला पाठवल्या. परपुरुषाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या रुग्णाचं भांडं उचलायचं, रात्र घराबाहेर काढायची, हे सगळं त्या काळच्या पुण्यात करणाऱ्या बायकांना काय ऐकावं लागलं असेल, याची कल्पना करता येते. तरीही संख्या तुटपुंजीच राहिली. १९४६ च्या आरोग्यविषयक सरकारी अहवालात सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सात हजारांच्या आसपास परिचारिका मोजल्या गेल्या, म्हणजे साधारण ४३,००० माणसांमागे एक. पुढच्याच वर्षी परिचर्येचा केंद्रीय कायदा आला आणि १९६६ मध्ये महाराष्ट्राचा.

‘टीम नर्सिंग’ ही पद्धत आली अमेरिकेतून, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईतून. शिकलेल्या परिचारिका कमी आणि जुजबी शिकवलेले मदतनीस जास्त, अशा परिस्थितीत एका अनुभवी परिचारिकेच्या हाताखाली लहान गट द्यायचा आणि त्या गटाकडे ठरावीक रुग्ण सोपवायचे, अशी ती रचना. आपल्या वॉर्डांत ‘टीम’ हा शब्द आला, पण कामाची पद्धत बऱ्याच ठिकाणी जुनीच राहिली : एकीने इंजेक्शनं द्यायची, एकीने सलाईन बघायची, एकीने ड्रेसिंग करायचं, एकीने नोंदी ठेवायच्या. माणसं कमी असली की याच पद्धतीने काम उरकतं, हे मान्य करायला हवं. पण चौदा नंबरच्या आजींना इंजेक्शन मिळतं, ड्रेसिंग होतं, ताप लिहिला जातो, आणि सकाळपासून त्यांना लघवीच झालेली नाही हे बघणं चौघींपैकी कुणाच्याच वाट्याला आलेलं नसतं. अनेकदा ते आधी मावशींच्या, म्हणजे वॉर्डातल्या मदतनीस बायकांच्या, लक्षात येतं. मावशी आणि मामा (पुरुष मदतनीस) यांना टीममध्ये धरायचं की नाही, हे मात्र कागदावर क्वचितच लिहिलेलं असतं.

आता रेशोकडे. परिचर्येच्या केंद्रीय नियामक संस्थेने ठरवलेलं प्रमाण शिक्षणसंलग्न रुग्णालयाच्या साध्या वॉर्डासाठी एकास तीन असं आहे आणि इतर रुग्णालयांसाठी एकास पाच. बातम्यांत आणि मोर्च्याच्या फलकांवर ‘तीन रुग्णांमागे एक परिचारिका’ असं येतं. ते वाचून नातेवाइकांना वाटतं, आपल्या माणसाच्या आसपास सतत एक सिस्टर असणार. तसं ते कधीच नव्हतं. हे प्रमाण चोवीस तासांचं, म्हणजे तिन्ही पाळ्या मिळून आहे. त्याच मानकात पुढे लिहिलेलं आहे की प्रत्येक पाळीला हे प्रमाण एकास नऊ धरायचं. एकास पाचचं होतं एकास पंधरा. शिवाय रजा आणि सुट्ट्या भरून काढायला तीस टक्के जादा पदं ठेवायची.

तीस खाटांचा वॉर्ड घेऊ. एकास तीनने दहा परिचारिका, त्यावर तीस टक्के म्हणजे तेरा. तेरा जणी असतील तेव्हा कुठे सकाळ, दुपार, रात्र अशा तिन्ही पाळ्यांना तीन-तीन, क्वचित चार जणी उभ्या राहतात आणि साप्ताहिक सुट्टी, आजारपण, बाळंतपण यांना जागा उरते. त्या तेरातल्या चार जागा रिकाम्या असल्या, तर उरलेल्या नऊ जणींत पहिली झळ रात्रपाळीला बसते. रात्री एकच सिस्टर आणि तीस खाटा, हे चित्र कुठून येतं याचं उत्तर या बेरीज-वजाबाकीत आहे.

गुंता इथे संपत नाही. सरकारच्या कर्मचारी-तपासणीचं स्वतंत्र मानक होतं, त्यात साध्या वॉर्डाला एकास सहा धरलेलं होतं आणि रजेची तरतूद वेगळी. त्यामुळे संघटना एक आकडा सांगते, प्रशासन दुसरा, आणि दोघेही खरं बोलत असतात. शिवाय दोन्ही मानकं खाटा मोजतात, रुग्ण नाही. सरकारी वॉर्डात जमिनीवर गाद्या टाकाव्या लागतात, त्या गाद्या मंजूर खाटांत येत नाहीत. खाली झोपलेल्या माणसाचं सलाईन मात्र सिस्टरलाच, तेही वाकून, लावायचं असतं. माझ्या मते हा या सगळ्या वादातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे.

खासगी रुग्णालयांचा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. तिथल्या पगारांवर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने शिफारस केली : लहान रुग्णालयातही वीस हजारांच्या खाली पगार नको आणि दोनशेहून जास्त खाटा असतील तर राज्य सरकारइतका द्यावा. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली. कमी पगारामुळे माणसं टिकत नाहीत. नवी मुलगी वॉर्डाला सरावते तोवर तिचं परदेशाचं किंवा सरकारी भरतीचं काम होतं, आणि इनचार्ज सिस्टर पुन्हा पहिल्यापासून शिकवायला लागते.

मग २०२०. महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण ९ मार्चला पुण्यातच सापडले. ऑगस्टअखेर अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर आठशे खाटांचं जम्बो रुग्णालय उभं राहिलं. मंडप, ऑक्सिजनच्या नळ्या, खाटा काही आठवड्यांत आल्या. एकमेकींना ओळखणाऱ्या परिचारिका तशा उभ्या करता येत नाहीत. संसर्गापासून बचावाच्या पोशाखात, म्हणजे किटमध्ये, चेहरा दिसत नाही म्हणून पाठीवर मार्करने नावं लिहिली जायची. आतला कागद बाहेर आणता येत नाही म्हणून हॅन्डओव्हर, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या सिस्टरला देणं, फोनवर किंवा काचेपलीकडून. किट उतरवताना जोडीदारीण समोर उभी राहून प्रत्येक टप्पा बघायची, कारण चूक तिथेच महागात पडायची. ‘टीम’ या शब्दाला पूर्ण अर्थ मिळालेला मी पाहिला तो त्या दिवसांत, आणि तोही जिथे जोडी आठवडाभर बदलत नव्हती तिथे.

दोनच वर्षांनी, २०२२ च्या मे महिन्यात, रिकाम्या जागा खासगी एजन्सीमार्फत भरण्याच्या निर्णयाविरुद्ध राज्यभरातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या. प्रशासनाची अडचण खरी होती : नियमित भरतीला वेळ लागतो आणि वॉर्ड थांबत नाही. पण करार संपला की जाणारी, वेगळ्या पगारावर काम करणारी आणि औषधात चूक झाली तर नेमकं कोणाला उत्तर द्यायचं हे माहीत नसलेली सिस्टर शेजारी उभी करून ‘टीमने सांभाळून घ्या’ म्हणणं हे कायम नोकरीतल्या आणि करारावरच्या, दोघींवर अन्यायाचं आहे. कंत्राटी भरतीचाच मुद्दा २०२५ च्या जुलैमधल्या संपात पुन्हा पुढे आला.

दरम्यान २०२३ मध्ये १९४७ च्या कायद्याच्या जागी नवा केंद्रीय कायदा मंजूर झाला. त्याचा भर शिक्षण, नोंदणी आणि व्यावसायिक आचार यांवर आहे. एका पाळीला एका परिचारिकेकडे किती खाटा असाव्यात, हे ठरवण्याचं काम अजूनही मानकं, शिफारशी आणि रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर आहे.