लिव्हरपूलच्या तारेपासून थंड कंटेनरपर्यंत : खान्देशच्या मालाची वाटचाल

खान्देशातल्या दोन मोठ्या पिकांचे, कापसाचे आणि केळीचे, गिऱ्हाईक पहिल्यापासून लांबचे आहे. कापूस एकेकाळी लिव्हरपूलला गेला, मग मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांत गेला, आज तो तमिळनाडूच्या सूतगिरण्यांपासून बांगलादेशापर्यंत जातो. केळी दिल्ली-लखनौला जातात आणि आता दुबई-इराणलाही. त्यामुळे दूर कुठे युद्ध पेटले, एखादा सागरी मार्ग अडला, की त्याचा धक्का रावेर-यावलच्या बागेत आणि धरणगाव-बोदवडच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांत, बसतो. सध्या पुरवठा साखळीची चर्चा मोबाइल ॲप, जीपीएस आणि शीतगृहांभोवती फिरते. ती समजून घ्यायची तर मागे जावे लागते आणि प्रत्येक टप्प्यावर दोन प्रश्न विचारावे लागतात. भावाची बातमी आधी कोणाला कळली? आणि माल अडकला तेव्हा नुकसान कोणाच्या पदरात पडले?

तापीचे खोरे हा मुळातच वाटेवरचा मुलूख. सुरतेच्या बंदरातून निघालेला माल नवापूर, नंदुरबारवरून बऱ्हाणपूरला आणि पुढे आग्र्याला जाई. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, खान्देशच्या फारुकी सुलतानांचे राज्य संपले आणि बऱ्हाणपूर हे मोगलांचे दक्षिणेतले मोठे ठाणे झाले. १६७० च्या दशकात इंग्रजांनी धरणगावला वखार उघडली, ती इथल्या कापडासाठी. ही सगळी वाहतूक लमाण-बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर होती. तिची मोठी अडचण दुष्काळात उघडी पडे. चारा-पाणी नसेल तर बैल चालत नाहीत, म्हणजे ज्या वर्षी धान्य हलवण्याची सर्वांत जास्त गरज, त्याच वर्षी हलवण्याचे साधन बंद. १६३० ते १६३२ च्या दुष्काळात पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी सुरतेहून बऱ्हाणपूरच्या वाटेने गेला आणि रस्त्यावर पडलेल्या प्रेतांचे वर्णन त्याने लिहून ठेवले. त्याच सुमारास बऱ्हाणपुरात शाहजहानच्या फौजेची छावणी होती. धान्य कमी पडले की ते आधी कोणाकडे जाते, याचे एवढे कठोर उदाहरण या मुलखाच्या इतिहासात दुसरे नसेल.

१८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे आला. पण इथल्या शेतकऱ्याचे नशीब खऱ्या अर्थाने परदेशी बाजाराला बांधले गेले ते १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कच्चा माल तुटला आणि गिरणीमालकांनी हिंदुस्थानकडे धाव घेतली. कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. मुंबईत पैशाचा पूर आला, कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचे नाव घराघरात झाले, आणि जळगाव ही कापसाची मोठी पेठ म्हणून उभी राहिली. मागणी एवढी होती की मालाकडे कोणी नीट पाहत नव्हते. कापसात सरकी, माती मिसळणे, वजन वाढवायला पाणी मारणे, हे सर्रास चाले. म्हणून मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा केला आणि तपासनीस नेमले. माल कुठून आला, कसा आहे, याची खात्री देणारी व्यवस्था आज संगणकावर चालते. तिची गरज तेव्हाच पटली होती, आणि तीही गिऱ्हाइकाच्या ओरडीमुळे.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आले आणि अमेरिकन कापूस पुन्हा बाजारात येणार हे स्पष्ट झाले. भाव कोसळले, मुंबईतल्या कंपन्या आणि बँका बुडाल्या, जळगावच्या पेठेलाही जबर फटका बसला. इथे एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. कसारा घाट चढणारा रेल्वेमार्ग त्याच १८६५ साली खुला झाला. म्हणजे कापसाला सोन्याचा भाव होता त्या काळात मुंबईपर्यंतचा अखंड लोहमार्ग नव्हता, आणि तो सलग झाला तेव्हा तेजी सरली होती. साधनाची आखणी तेजीत होते आणि ते हाती येते मंदीत, हे खान्देशाने पुढेही पाहिले.

तरी रेल्वेने मुलखाचा नकाशा बदलला हे निर्विवाद. १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंत गाडी गेली, १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई थेट कलकत्त्याशी जोडली गेली, आणि भुसावळ हे मोठे जंक्शन झाले. विसाव्या शतकाच्या तोंडावर ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरत आणि अमळनेर जोडले, चाळीसगावहून धुळ्याला फाटा गेला. रुळांच्या कडेला जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. कापसाच्या गाठी दाबून बांधणारा प्रेस हा या धंद्याचा कणा, कारण जहाजाला भाडे जागेवर मोजले जाई. गाठ जेवढी घट्ट तेवढे भाडे कमी. जळगावला आणि अमळनेरला कापड गिरण्या निघाल्या. १९४५ मध्ये अमळनेरातच वनस्पती तुपाचा कारखाना सुरू झाला. त्याचीच पुढे विप्रो झाली आणि आज ती जगभरच्या कंपन्यांना संगणकसेवा पुरवते. भुईमुगाचा पट्टा जवळ आणि रेल्वे हाताशी, हे अमळनेरला सोयीचे होते.

रेल्वेइतकाच मोठा बदल तारेने केला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि १८७० मध्ये समुद्राखालची तार मुंबईला पोचली. त्याआधी विलायतेचा भाव जहाजाबरोबर काही आठवड्यांनी येई. आता तो त्याच दिवशी मुंबईच्या पेढीवर येऊ लागला आणि तिथून जळगावच्या आडत्याकडे. बैलगाडीत कापूस घालून आलेल्या शेतकऱ्याला मात्र आडत्या सांगेल तोच भाव. बातमी हजारो मैल ओलांडून जळगावपर्यंत आली आणि बाजारपेठेच्या वेशीवर थांबली. माझ्या मते खान्देशच्या कापूस व्यापाराचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहास या एका अंतराने घडवला.

हे अंतर कायद्याने मिटवण्याचा मोठा प्रयत्न म्हणजे १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी योजना. राज्यातला सगळा कापूस सरकारच घेणार, हमीदर देणार, नफा झाला तर वाटून देणार. विचार चांगला होता आणि अनेक वर्षे शेतकऱ्याला आधारही मिळाला. पण खान्देशाला एका बाजूला गुजरात आणि दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश. बाहेर भाव जास्त असला की रातोरात कापूस सीमेपलीकडे जाई, आणि इथे दर बरा असला की तिकडचा कापूस आत येई. चुकाऱ्याला उशीर, केंद्रावर रांगा, ग्रेडवरून वाद, हे दर हंगामाचे झाले. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने राज्यबंदीवर, म्हणजे कापूस राज्याबाहेर विकण्याच्या मनाईवर, सातत्याने कोरडे ओढले. शेवटी २००२ च्या सुमारास खाजगी खरेदीची दारे उघडली. त्याच वर्षी बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि काही हंगामांतच बियाण्यापासून बाजारापर्यंत सगळे वेगळे झाले.

केळीची गोष्ट निराळी. कापूस घरात साठवता येतो. केळीचा घड तयार झाला की तो कापावाच लागतो आणि कापला की पुढे न्यावाच लागतो. भुसावळ-खंडवा मार्गावरची सावदा, निंभोरा, रावेर ही स्थानके केळीसाठी ओळखली जाऊ लागली ती यामुळे. घड मोकळेच, खाली-वर केळीचा पाला घालून, वॅगनमध्ये भरले जात आणि गाडी दिल्लीकडे निघे. शेतकऱ्यांचे संघ वॅगनची मागणी नोंदवत. वॅगन कधी लागते त्यावर कापणी ठरे. वॅगन उशिरा लागली किंवा वाटेत रखडली, तर दिल्लीला पोचेपर्यंत निम्मा माल पिकलेला असे.

रस्ते सुधारले तसा ट्रक आला आणि त्याने हे परावलंबन बऱ्याच अंशी संपवले. व्यापाऱ्याची टोळी थेट बागेत येते, तिथेच कापणी, वजन आणि भरणी. सोय मोठी, पण तिच्यासोबत सौदाही बाजारातून बांधावर गेला. रावेरचे आणि बऱ्हाणपूरचे भाव रोज जाहीर होतात. बांधावर मात्र त्यापेक्षा कमी दर लावला जातो, ही तक्रार जुनी आहे. ट्रक उभा, मजूर उभे, घड कापलेला. त्या क्षणी नाही म्हणायला किती जणांचे मन धजेल? आता जाहीर भाव शेतकऱ्यालाही मोबाइलवर सकाळीच कळतो. तारेच्या काळातले अंतर मिटले आहे. थांबण्याची ताकद मात्र अजून एकाच बाजूला आहे.

बागेतही बदल झाला. भवरलाल जैन यांच्या कंपनीने जळगावात १९८० च्या दशकात ठिबक सिंचन आणले आणि पुढे ग्रँड नैन या केळीच्या वाणाची उतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, रोपे रुजवली. बसराई या जुन्या वाणाच्या बागेला दीड वर्ष लागे. ग्रँड नैनची बाग अकरा-बारा महिन्यांत येते, आणि एकसारखी येते. साधारण वीस टनांचा कंटेनर एका दमात भरायचा तर घड एकाच वेळी, एकाच मापाचे लागतात. निर्यातीचा पाया या रोपांनी घातला. याच एकसारखेपणाची दुसरी बाजू २०२० मध्ये दिसली. रावेर-यावल भागात सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूने नव्या बागा पोखरल्या आणि शेतकऱ्यांनी हाताने लावलेली रोपे हाताने उपटून फेकली.

तेच वर्ष टाळेबंदीचे. मार्चअखेर ट्रकचालक गावी गेले, उत्तरेतल्या मंडया बंद पडल्या, कापणीला आलेला माल झाडावर पिकला. त्यातून रेल्वेची आठवण पुन्हा झाली. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला निघालेली देशातली पहिली किसान रेल जळगाव-भुसावळवरून गेली. पुढे भाड्यात निम्मी सवलत मिळाली आणि रावेर-सावद्याहून केळीच्या गाड्या दिल्लीला जाऊ लागल्या. सवलत थांबली तसा तो ओघ ओसरला.

निर्यातीचे तंत्र वेगळेच आहे. घड जमिनीला न टेकवता पॅकहाऊसमध्ये आणायचा, फण्या वेगळ्या करायच्या, धुऊन साडेतेरा किलोच्या खोक्यात भरायच्या, आणि तेरा-चौदा अंशांवर गार करून कंटेनर मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदराला पाठवायचा. तापमान याहून खाली गेले तर साल काळवंडते, वर गेले तर माल वाटेतच पिकतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२१ मध्ये तांदलवाडीची २२ टन केळी दुबईला गेली. अभिमान वाटावा अशी ही गोष्ट. तरी राज्याच्या केळी निर्यातीत आज सोलापूर पुढे आहे. टेंभुर्णी-करमाळ्याकडे पॅकहाऊस आणि शीतगृहे दाट झाली, बंदरही त्यांना जवळ. आपण लागवडीत पिढ्यान्‌पिढ्या पुढे होतो आणि गार करण्याच्या पायरीवर मागे राहिलो. ही खंत केळी पट्ट्यातल्या कोणालाही असायला हवी.

नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. युरोपची जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि दहा-बारा दिवस वाढले. दुबईची वाट तांबड्या समुद्रातून जात नाही, पण जहाजे आणि कंटेनर तिकडे गुंतून पडले की भाडे सगळीकडेच वाढते. कापसात तर २०२१-२२ च्या हंगामात क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव गेला. पुढच्या हंगामात तोच भाव येईल म्हणून लोकांनी कापूस घरात भरून ठेवला. खोल्या भरल्या, लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली, वजन घटले, आणि शेवटी सात-आठ हजारांनी विकावा लागला. थांबायचे ठरवले तरी थांबायला गोदाम नाही, गोदाम पावतीवर कर्ज घेण्याची सवय नाही; घर हेच गोदाम. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत काढले आणि हंगामाच्या तोंडावर बाहेरचा माल स्वस्त झाला. हमीदराने विकायचे तर सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, कपास किसान ॲपवर नोंदणी सक्तीची झाली. आधार, सातबारा, पीकनोंद सगळे जुळले पाहिजे, आणि केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला तर गाडी परत. परतीच्या पावसाने भिजलेला कापूस वाळवण्याची सोय मात्र ॲपमध्ये नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये भुसावळ-खंडवा दरम्यान तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. सावदा, निंभोरा, रावेर याच मार्गावर आहेत. नव्या रुळांवर केळीसाठी थंड डब्यांची गाडी असेल का, तिची वेळ आठवडाभर आधी बागायतदाराला कळेल का, आणि स्थानकाशेजारी घड गार करून दोन दिवस ठेवायची जागा असेल का, हे प्रश्न काम सुरू असतानाच विचारायला हवेत. रूळ टाकून झाल्यावर स्थानकाच्या आवारात जागा शोधणे महागात पडते.